न सांगायच्या जागेचं दुखणं

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण लोक दुसऱ्याची गंमत करायला वापरतात. आमच्या घरी ती जशीच्या तशी घडली. जागा अवघड होती यात शंकाच नाही, आणि माझे जावई शिवानंद सोलापुरातच मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होते. आणि मी त्यांच्यासमोर कधी धड उभीसुद्धा राहिले नव्हते.

आमच्याकडे तेव्हा सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. जावई आले की मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून स्वयंपाकघरात जायची. चहा माझ्या लेकीच्या, सुवर्णाच्या हातून बाहेर जायचा आणि बोलणंही तिच्याच हातून. "आईंना म्हणावं, चटणी छान झालीय." "त्यांना म्हणावं, अजून वाढू का." सुवर्णा उंबऱ्यात उभी राहून मराठीचं मराठीत सांगायची. आता हसू येतं. तेव्हा त्यात मान होता, त्यांचाही आणि माझाही.

हे सगळं लिही म्हणून सुवर्णाच मागे लागली. म्हणाली, "अव्वा, तू तोंडानं इतक्या बायकांना सांगतीस, एकदा कागदावर उतरव की." मी सातवीपर्यंत शिकलेली. जसं जमेल तसं लिहिते. नावं घ्यायला लाज वाटते असे शब्द यात येतील, त्याला इलाज नाही. लाजेनंच तर सगळा घोळ झाला होता.

उन्हाळा

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर कळशा घेऊन वणवण. पाणी कमी प्या असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण रांजणात किती उरलंय हे घरच्या बाईला झाकण न काढताही ठाऊक असतं, आणि आपला पेला ती आपोआप अर्धाच भरते.

बोळातल्या सगळ्या घरांत मिळून दोन संडास. सकाळी कामावर जाणाऱ्या पुरुषांची रांग, मग शाळेच्या पोरांची. त्या रांगेत बाईमाणसानं डबा घेऊन उभं राहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मी दुपारपर्यंत थांबायची, बोळ रिकामा झाला की जायची. लग्न झाल्यापासून तेच वळण. कळ आली की दाबायची, आणि दाबता येतं याचा मला अभिमानसुद्धा होता.

खाणं म्हणजे कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर चहा. भाजी त्या साली डोळ्यांनी बघायची वस्तू झाली होती. त्यातच एक दिवस संडासात असं वाटलं की आतून काचेचा तुकडा गेला. खाली बघितलं तर लाल रक्त. आणि खरी आग नंतर सुरू झाली. ती दुपार टळली तरी निवेना.

तेव्हापासून मी उभी राहायला लागले. उभ्यानं ताटलीत भाकरी घ्यायची, उभ्यानं तांदूळ निवडायचे. घरात कुणी विचारलं तर म्हणायची, बसून कसं चालेल, कामं कोण करील?

गौरव्वा

माझी थोरली बहीण गौरव्वा मंद्रूपला दिलेली. तिलाही असंच रक्त पडायचं. सगळे म्हणाले मूळव्याध आहे, बाईला होतेच, ताक पी. ती ताक पीत राहिली. पुढे कळलं की आत गाठ होती. कळलं त्या वर्षीची दिवाळी तिनं बघितली नाही. शेवटची अंघोळ मीच घातली तिला. हातात उचलली तर पोरीएवढं वजन.

म्हणून मी रक्त बघितलं तेव्हा औषधाचा विचार मनात आलाच नाही. आता आपली पाळी, एवढंच वाटलं. डॉक्टरला दाखवलं तर तो नाव सांगणार, आणि नाव सांगितलं की ते खरं होणार. नाही दाखवलं तर निदान खोटं असण्याची जागा उरते. शहाण्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल. पण भ्यालेल्या माणसाचा हिशेब असाच असतो, आणि मी मनापासून भ्याले होते.

मालकांची मूळव्याध

सांगितलं फक्त मालकांना, म्हणजे सुवर्णाच्या वडलांना, तेही अर्धंच. "मूळव्याध असंल," म्हटलं. आमचं चादरी-टॉवेलचं लहानसं दुकान. मालक मुलखाचे अबोल. संध्याकाळी त्यांनी बाजारातल्या एका वैदूकडून पुडी आणली. त्यानं विचारलं, कुणाला होतोय त्रास? हे म्हणाले, "मलाच की."

झालं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला मालकांची मूळव्याध कळली. कुणी सुरण आणून दिला, कुणी म्हणालं तांब्याची अंगठी घाला. शेजारच्या दुकानदारानं तर बसायला मऊ गादी शिवून दिली. मालक त्या गादीवर दिवसभर बसून लोकांचे सल्ले ऐकायचे, मान हलवायचे, आणि संध्याकाळी ती गादी पिशवीत घालून घरी आणायचे, माझ्यासाठी. एक शब्द न बोलता माझ्या पाटावर ठेवायचे. संसारात त्यांनी मला दागिने फार घातले नाहीत. पण माझी लाज त्यांनी आपल्या अंगावर ओढून घेतली, ते मी विसरणार नाही.

पुडीचं काय सांगू? लावली आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. ती मूळव्याधीला तरी लागू पडत असेल की नाही देव जाणे. मला तर ती मूळव्याध नव्हतीच, हे पुढे कळलं.

उपास

मग मला एक युक्ती सुचली. जे खाल्लंच नाही ते बाहेर कुठून येणार? सोमवारचा उपास होताच. त्याला गुरुवार जोडला, मग शनिवार, मग एकादशी, प्रदोष. उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, आणि चहा. साबुदाणा आणि शेंगदाणा पोटात जाऊन दगडासारखे बसतात, हे मला कुणी सांगायला हवं होतं. पण उपासाचं खाणं म्हणजे हलकं खाणं, हे आम्ही जन्मापासून ऐकलेलं. आठवड्यातून दोनदा मी त्या दगडाला सामोरी जायची. भिंतीला हात टेकून, दातात पदर धरून.

सुवर्णाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. एकदा तिच्या सासूबाई, माझ्या विहीण पार्वतीबाई, घरी आल्या. मी वाळलेली, समोर खिचडीची ताटली, त्या दिवशी गुरुवार. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"विहीणबाई, लेकीच्या पोटासाठी एवढं कोन करतंय हो? देव आता न्हाय कसा म्हनंल!"

मी काय सांगणार होते? हे लेकीसाठी नाही, माझं हागणं चुकवण्यासाठी आहे? गप्प बसले. दोन दिवसांत बोळभर झालं की मी लेकीसाठी कडक व्रत धरलंय. बायका येऊन पाया पडायला लागल्या. शेजारच्या लक्ष्मीबाई पद्मशाली समाजाच्या, त्यांच्या घरी हातमाग चाले. त्यांनी तर आपल्या सुनेला माझ्या पाया पडायला लावलं. मी उभीच असायची, त्यामुळे पाया पडणं त्यांना सोपं जायचं.

सुवर्णानं हे ऐकलं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली. त्या रडण्यानं मला जे टोचलं ते खालच्या दुखण्यापेक्षा जास्त. आता उपास सोडायचा तर लेकीचा नवस मोडला असं होणार. आणि तिला मूल झालं नाही तर सासरी बोट कुणाकडे दाखवणार? आईनं व्रत टाकलं म्हणून. मी अशी दोन्हीकडून अडकले होते.

धोंड्याचं जेवण

त्या वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. अधिकात जावयाला जेवायला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे. वाण देताना नवराबायकोनं जोडीनं पाटावर बसायचं असतं. उभ्यानं वाण देतात असं कुठंच नाही.

मी बसले. म्हणजे पाटाच्या कडेला, एका मांडीवर, हात जमिनीला टेकून. अनारशांचं ताट उचललं आणि कपाळाला दरदरून घाम फुटला. ताट खाली ठेवताना दोन अनारसे घरंगळले. मालकांनी ते पटकन उचलले. जावई खाली मान घालून बसले होते, पण डॉक्टरची नजर खाली असली तरी बघायचं ते बघते.

जेवण झाल्यावर मी आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दाराशी पावलं वाजली. जावई उंबऱ्यावर उभे होते, माझ्याकडे पूर्ण पाठ करून, तोंड बाहेरच्या खोलीकडे. सुवर्णा मध्ये.

"सुवर्णा, आईंना विचार, बसताना काय दुखतं?"

"अव्वा, काय दुखतंय बसताना?"

"त्यांना सांग, कंबर धरलीय."

"कंबर धरलीय म्हणते."

मग ते शांतपणे म्हणाले, "कंबर धरलेलं माणूस कंबरेला हात लावतं. आई एका मांडीवर बसल्या. विचार, शौचाला त्रास होतो का?"

सुवर्णा माझ्याकडे बघत राहिली. माझे कान तापले. भिंतीवरच्या डब्यांकडे बघत मी मान हलवली.

"व्हय म्हणते," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"रक्त?"

"व्हय."

"जातानाच दुखतं, की नंतरही?"

हे मात्र मी स्वतःच बोलले, सुवर्णाकडे बघून. "नंतर लई येळ. आग आग हुतीया."

जावयांनी पाठ न वळवता मान हलवली. म्हणाले, "मूळव्याध अशी दुखत नाही सहसा. पण बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

तेव्हा माझा धीर सुटला. "त्यांना विचार सुवर्णा," मी म्हटलं, "गौरव्वासारखं असंल तर?"

सुवर्णाला ते पुढे सांगावं लागलं नाही. ते पाठमोरेच, पण पहिल्यांदा थेट मला म्हणाले, "आई, खोटा धीर देत नाही. मी तपासणार नाही. आमच्याकडं एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या बघतील. जे असेल ते खरं सांगायला लावीन. मी आवारातसुद्धा थांबू नये असं वाटत असेल तर नाही थांबणार."

मी पदराच्या टोकाला पीळ घालत उभी होते. म्हटलं, "त्यांना सांग, आवारात थांबू देत. खोलीत तेवढं नको."

तपासणीचा दिवस

टांग्यात बसणं शक्य नव्हतं, म्हणून दवाखान्यापर्यंत चालत गेले. मालकही चालले, छत्री माझ्या डोक्यावर धरून. वाटेत एवढंच म्हणाले, "काही बी असलं तरी आपुन हाय." मला रडू आलं, पण रस्त्यावर कसं रडायचं?

डॉक्टरीणबाई वयस्कर, आवाज करडा. कुशीवर झोपायला सांगितलं. मी डोळे गच्च मिटून गौरव्वाला आठवत होते. बाईंनी फार वेळ लावला नाही, बोटानं आत तपासायचा प्रयत्नही सोडून दिला, इतकं मी अंग आवळून धरलं होतं. औषध लावून थोडं थांबल्या, मग हळूच बघितलं.

"किती महिने सोसलंत? बक्षीस देतंय का कुणी?"

मी डोळे मिटलेलेच ठेवले.

"गाठ नाही. बाकी काही वाईट दिसत नाही. चीर पडलीय."

"चीर म्हंजे?"

"उन्हाळ्यात टाचेला भेग पडते ना, तशी. टाच रोज जमिनीवर टेकावी लागते म्हणून भेग मिटत नाही. ही रोज कडक शौचानं उसवते. दुखतं म्हणून तुम्ही जायचं टाळता, टाळलं की अजून कडक, की पुन्हा उसवलं. आणि दुखण्याच्या भीतीनं आतला स्नायू सारखा आवळून धरता, मग तिथं रक्त पोचत नाही. भरणार कशी?"

मी एवढी शहाणी बाई, टाचेच्या भेगांना दर उन्हाळ्यात मेण-तेल लावणारी. आणि इथं चार महिने मरण्याची तयारी करत होते. बाहेर आले तर जावई आवारातल्या लिंबाखाली उभे. मी पदर ओढला आणि मालकांना म्हटलं, "त्यांना सांगा, भेग हाय नुसती." आणि मग तिथंच लिंबाच्या पाराशी हुंदके देत रडले, उभ्यानंच.

घमेलं आणि कळशी

औषधं साधी होती. ईसबगोल, एक मलम, भरपूर पाणी, पालेभाजी, आणि दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या घमेल्यात बसायचं. आणि कळ आली की थांबायचं नाही, रांग असली तरी.

पाण्याचीच पंचाईत. जिथं प्यायला नाही तिथं मी घमेलंभर पाण्यात बसून राहणार! पहिल्या दिवशी मला पापच वाटलं. पण त्या कोमट पाण्यात बसल्यावर जी सुटका झाली ती शब्दांत सांगता येत नाही. कित्येक महिन्यांनी मी बसले होते. नंतर ते पाणी संडासात ओतायला न्यायची, तेवढंच वाया गेलं नाही असं वाटायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी भरलेली कळशी. दुसऱ्या दिवशीही. लक्ष्मीबाई ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही दोनदा आंगोळ करायले म्हनून ठेवली." कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आराम पडला. पण पुरता नाही. कारण उपास चालूच होते. कसे सोडणार? पार्वतीबाई दर सोमवारी निरोप धाडायच्या, विहीणबाईंची तब्येत कशी आहे, व्रत चाललंय ना. मी साबुदाणा खायची आणि डॉक्टरीणबाईंना सांगायची, पालेभाजी खाते. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा काच. असं करता करता बाई वैतागल्या. "आता भूल देऊन तो स्नायू ताणून सैल करावा लागेल. भरती व्हा."

वॉर्डात

शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडची तुळसाबाई होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिचं दुखणं माझंच. पण ती माझ्यासारखी दारामागून बोलणारी नव्हती. पहिल्या भेटीत म्हणाली, "तुमचं बी ढुंगनाचंच न्हवं? माझं बी. त्या माळावर झाडाचा आडोसा न्हाय, दिवसभर धरून ठेवाया लागतं. मग काय व्हनार?"

मी इकडेतिकडे बघितलं. वॉर्डात कुणाला काही वाटलं नव्हतं. नर्स पलीकडे थर्मामीटर झटकत होती. आणि मला इतकं हसू आलं की पोट धरावं लागलं. एवढ्या महिन्यांत ते शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकले, आणि आभाळ कोसळलं नाही.

वॉर्डाचे दिवस लांब असतात. सकाळी झाडू, मग डॉक्टरांची फेरी, मग पेज, मग छताकडे बघत पडणं. भेटीच्या वेळेला सुवर्णा डबा घेऊन आली. डब्यात साबुदाण्याची खिचडी. त्या दिवशी सोमवार होता.

"व्रत मोडायला नको म्हणून आणली," ती म्हणाली.

मी डबा बंद केला. तुळसाबाईसारखं बोलायचं असं ठरवलं. म्हटलं, "सुवर्णा, हे उपास तुझ्यासाठी न्हाईत. पयल्यापासनं न्हवते. जायला लागू नये म्हनून मी खात न्हवते. तुझ्या सासूबाई तसं म्हनल्या आनि मी गप ऱ्हायले."

मला वाटलं आता रागावेल, आणि रागावण्याचा तिला हक्क होता. मग ती खाटेच्या कडेवर बसली आणि रडायला लागली, पण वेगळंच.

"अव्वा, दर सोमवारी मला घास गिळत नव्हता. आई माझ्यापायी उपाशी मरतीया आणि माझ्या पोटात तर काहीच राहत नाही. देवाला तरी किती लाच द्यायची? घरात सगळे माझ्या पोटाकडं बघत बसायचे, त्यात तू पण आहेस असं वाटायचं."

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. माझी लेक माझ्या उपासानं वाळत होती आणि मी समजत होते की मी तिला वाचवतेय. तुळसाबाई पलीकडून म्हणाली, "ती खिचडी हिकडं द्या, मला चालती." आम्ही दिली नाही. तिलाही ती चालणार नव्हती.

पाणी

भुलीतून जागी झाले तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. खाटेशी कुणी तरी उभं होतं, पांढऱ्या कोटातलं. पदर कुठं होता कुणास ठाऊक. मी म्हटलं, "शिवानंद, पाणी."

जन्मात पहिल्यांदा मी जावयाशी थेट बोलले, तेही नाव घेऊन. सगळे महिने जो माणूस लेकीकरवी मला पाणी प्या, पाणी प्या सांगत होता, तो म्हणाला, "आत्ता नाही आई. थोडं थांबा." आणि कापसाचा बोळा ओला करून माझ्या ओठांवरून फिरवला. मला नंतर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पुढे घरी ते आले की मी बाहेरच्या खोलीत बसायची. हो, बसायची.

चीर भरायला पुढे काही आठवडे लागले. तुळसाबाई माझ्याआधी घरी गेली. जाताना म्हणाली, "आता आवळून धरू नगा." ते फक्त खालचं नव्हतं, असं मला वाटतं.

श्रावणातला सोमवार

श्रावणात बायका दर्शनाला आल्या, माझ्याच. पार्वतीबाईही होत्या. मी सगळ्यांसमोर ताट घेऊन बसले. मऊ ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, ताक.

"आज सोमवार न्हवं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"सोमवारच हाय. पन मला पोट साफ ठेवायचं हाय." आणि मी सगळं सांगितलं. कुठं चीर पडली, कशानं पडली, उपास कशासाठी होते. कुणीतरी तोंडाला पदर लावला. लक्ष्मीबाई मात्र डोळे मोठे करून ऐकत होत्या.

पार्वतीबाई उठल्या. "म्हंजे आमी उगंच देवाकडं तोंड वर करून बसलो. असलं दुखनं चारचौघीत बोलतंय कोन?" त्या निघून गेल्या त्या बरेच महिने आल्या नाहीत. सुवर्णाला सासरी टोमणे बसले. पण ती आता जेवत होती. जावई तिच्या बाजूनं होते. मूल व्हायचं तेव्हा झालं, आणि त्याचा माझ्या साबुदाण्याशी काही संबंध नव्हता.

वाचणाऱ्या बाईला एवढंच सांगते. रक्त पडलं तर आपल्या मनानं मूळव्याधही म्हणू नका आणि मरणही म्हणू नका. दाखवा. गौरव्वानं वेळेत दाखवलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, पण तो विचार मला सोडत नाही. दाखवायला लाज वाटते, पण ती तपासणीच्या खाटेवर पडल्यावर थोडाच वेळ टिकते. दुखणं मात्र लाजेच्या आडोशाला वाढत राहतं. पाणी प्या. कळ आली की जा. उपास करायचा तर देवासाठी करा, पोटाला फसवायला करू नका.

मागचं दार

त्या श्रावणानंतर आमच्या मागच्या दाराची कडी वाजायला लागली. पुढच्या दारानं पाया पडायला यायच्या त्या बंद झाल्या. मागच्या दारानं एकेकटी यायची, इकडेतिकडे बघून. लक्ष्मीबाई पहिल्या. "अक्का, तुमी त्या दिवशी सांगितलात, तसंच मलाबी हाय." मागावर बसून बसून. इतके दिवस कळशी भरून ठेवणारी ती बाई, तिलाही तेच, आणि दोघी शेजारणी गप्प. मी डॉक्टरीणबाईंचं नाव सांगायची, वाटलं तर सोबत जायची.

एकदा असंच टळटळीत दुपारी कडी वाजली. दार उघडलं तर पार्वतीबाई. चेहरा उतरलेला. इतक्या महिन्यांनी, आणि मागच्या दारानं.

मला वाटलं, सुवर्णाचं काही झालं. पण त्या नुसत्याच आत आल्या, म्हणाल्या, "उन्हाचं बाहेर पडलो हुतो, म्हटलं बघून जावं."

मी घाईनं पाट मांडला. कोपऱ्यातली ती मऊ गादी उचलून वर ठेवली. "बसा की, विहीणबाई."

"नगं," त्या म्हणाल्या. भिंतीला हात टेकला. "हुबीच बरी हाय."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांनीच नजर खाली घातली. "शिवाला सांगू नगा," त्या हळूच म्हणाल्या. "कसं सांगायचं? लेकच डाक्तर."

मी दार लावून घेतलं. रांजणातून तांब्या काठोकाठ भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्या उभ्यानंच प्यायल्या, आणि मीही त्यांच्याबरोबर उभी राहिले.